मुंबई–नैरोबी : सहा तासांचा हिशेब

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळापासून नैरोबीच्या जोमो केन्याटा आंतरराष्ट्रीय विमानतळापर्यंतचे सरळ अंतर सुमारे ४,५३० किलोमीटर, म्हणजे २,४५० सागरी मैलांच्या आसपास भरते. थेट विमानाला ते कापण्यास सुमारे सहा तास लागतात. पूर्व आफ्रिकेशी संबंध असलेल्या व्यापारी घरांत हा आकडा लहानथोरांना तोंडपाठ असतो. मुलगी नैरोबीस दिलेली असो, धाकट्या भावाचे मोम्बासात दुकान असो, किंवा कापड, औषधे, यंत्रांचे सुटे भाग तिकडे पाठवण्याचा धंदा असो, ‘सहा तासांचे तर अंतर’ असे म्हणून घरातली मंडळी एकमेकांना धीर देतात. ते खोटे नाही. मात्र सहा तास हा विमानाचा हिशेब झाला. जाणाऱ्या माणसाचा आणि त्याची वाट पाहणाऱ्या घराचा हिशेब निराळा निघतो, आणि तो नीट मांडून ठेवलेला बरा.

प्रथम विमानाचाच हिशेब पाहू. पृथ्वीच्या गोलावर मुंबई आणि नैरोबी यांच्यामध्ये दोरा ताणून धरला तर तो ज्या रेषेवर बसतो, ती या दोन शहरांमधली सर्वांत जवळची वाट. ही रेषा मुंबईहून निघून नैर्ऋत्येकडे अरबी समुद्र ओलांडते, सोकोत्रा बेट उजवीकडे बरेच दूर ठेवते आणि सोमालियाच्या किनाऱ्यावर जमीन गाठते. तोवर सुमारे २,९०० किलोमीटर म्हणजे जवळजवळ दोनतृतीयांश प्रवास संपलेला असतो, आणि त्या साऱ्या वेळात खिडकीतून पाण्याखेरीज काही दिसत नाही. उरलेली वाट सोमालिया आणि केनियाच्या ईशान्येकडील रुक्ष प्रदेशावरून जाते.

ताशी साडेआठशे किलोमीटरने उडणाऱ्या विमानाला एवढे अंतर सव्वापाच ते साडेपाच तासांत कापता यावे. मग सहा तास कसे होतात? विमान कंपन्या जो वेळ छापतात, तो विमान फाटकापासून हलल्यापासून दुसऱ्या गावच्या फाटकाशी थांबेपर्यंतचा असतो. मुंबईत धावपट्टीवर आपली पाळी येईपर्यंत थांबणे, चढताना आणि उतरताना मंद गतीने जाणे, ठरवून दिलेल्या हवाई मार्गांमुळे सरळ रेषेपासून थोडे बाजूला सरकणे, हे सारे त्यात धरलेले असते. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर साडेपाच तास हा मालाचा भाव आणि सहा तास हा हमाली, जकात धरून घरपोच पडणारा भाव.

तिकिटावरचे आकडे याहूनही फसवे असतात. नैरोबीचे घड्याळ भारतीय घड्याळाच्या अडीच तास मागे चालते. सकाळी सहाला मुंबईहून निघालेले विमान तेथील साडेनऊला पोहोचते, तेव्हा कागदावर प्रवास साडेतीन तासांचा दिसतो. संध्याकाळी सहाला नैरोबी सोडणारे विमान मुंबईत मध्यरात्रीनंतर सव्वादोनच्या सुमारास उतरते. तो प्रवास सव्वाआठ तासांचा वाटतो, प्रत्यक्षात मात्र तो पावणेसहा तासांचाच असतो. विमानतळावर न्यायला येणाऱ्या नातलगांचा घोटाळा होतो तो याच अडीच तासांमुळे, आणि त्यातही तारीख बदलते तेव्हा अधिक.

जाण्यायेण्याच्या वेळेत खरोखरचा जो थोडा फरक असतो, तो वाऱ्याचा. हिवाळ्यात उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे नैरोबीहून येणाऱ्या विमानाला मागून आधार मिळतो. पावसाळ्यात चित्र पालटते. जून ते सप्टेंबर या काळात दक्षिण भारत आणि अरबी समुद्र यांवर, फार उंचावर, पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा वेगवान वायुप्रवाह असतो. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. गंमत अशी की त्याच महिन्यांत खाली समुद्रालगत वारा नेमका उलट, आफ्रिकेच्या किनाऱ्याकडून भारताकडे वाहत असतो. तोच आपला नैर्ऋत्य मोसमी वारा. म्हणजे आषाढात एकाच आकाशात वरचा मजला आफ्रिकेकडे निघालेला असतो आणि खालचा मजला भारताकडे.

विमानाच्या बाबतीत या वाऱ्याने काही मिनिटे इकडची तिकडे होतात. शिडाच्या जहाजाच्या बाबतीत सारा व्यापार त्यावर उभा होता. कच्छ-सौराष्ट्राच्या बंदरांतून कोटिया आणि बगला जातीची गलबते मार्गशीर्ष-पौषात ईशान्येचा वारा शिडात घेऊन निघत, आणि दिवसाला शंभरेक सागरी मैल पडले तर तीन-चार आठवड्यांत झांझिबार किंवा मोम्बासा गाठत. मुंबई ते मोम्बासा हे सागरी अंतरही सुमारे २,४०० मैल, म्हणजे आजच्या हवाई वाटेएवढेच आहे. परत यायचे ते वारा फिरल्यावर, पावसाचा जोर होण्यापूर्वी वैशाखात, नाहीतर तो ओसरल्यावर. मधल्या काळात आपल्या किनाऱ्याची बंदरे मिटलेली असत. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन दर्या खुला करण्याची कोकणातली रीत याच पंचांगाची आहे. ज्याला वारा चुकला त्याला सहा महिने चुकले. दुकानात माल पडून राहिला, हुंडीची मुदत उलटली, घरी लग्न ठरलेले असले तर तेही पुढे गेले.

वारा न जुमानता निघाल्यास काय होते, याचे उदाहरण इतिहासात नोंदलेले आहे. वास्को द गामा २४ एप्रिल १४९८ रोजी मालिंदीहून, म्हणजे आजच्या केनियाच्या किनाऱ्यावरून, जाणत्या वाटाड्याला घेऊन निघाला आणि अनुकूल वाऱ्यावर चार आठवड्यांच्या आत कालिकतजवळ पोहोचला. परतताना त्याने ऑक्टोबरच्या आरंभी, वारा फिरण्याआधीच, गोव्याच्या हद्दीतील अंजदीव बेटाजवळून शिडे उभारली. आफ्रिकेचा किनारा त्याला जानेवारी १४९९ मध्ये दिसला. तेच पाणी, तेवढेच अंतर, पण जाण्यास तीन-चार आठवडे आणि येण्यास तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत त्याचे अनेक खलाशी रोगाने दगावले. किनाऱ्यावरचा कोणताही नाखवा त्याला दोन महिने थांबण्यास सांगता.

नैरोबी हे नाव मात्र या सागरी कथेत फार उशिरा येते. मसाई लोकांच्या भाषेत थंड पाण्याची जागा असा त्याचा अर्थ. तेथे गाव नव्हते, दलदल होती. मोम्बासाहून व्हिक्टोरिया सरोवराकडे जाणाऱ्या रेल्वेचे काम १८९६ साली सुरू झाले आणि १८९९ च्या मे महिन्यात रूळ या दलदलीपर्यंत आले. पुढे चढ लागणार म्हणून येथे साहित्याचा तळ पडला, आणि तळाचे शहर झाले. या कामासाठी हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, सुमारे ३२,००० मजूर नेण्यात आले होते. त्यांपैकी अडीच हजारांच्या घरात तेथेच मरण पावले. बहुतेक मायदेशी परतले आणि काही हजार राहिले.

व्यापारी आले ते या मजुरांबरोबर करार करून नव्हे, आपल्या हिमतीवर. जामनगरच्या भोवतीच्या हालार प्रांतातील वीसा ओसवाळ कुटुंबे त्यांतलीच. आज नैरोबीत मोठमोठे कारखाने चालवणाऱ्या या समाजाचे पूर्वज व्यापारी नव्हते, शेतकरी होते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. १८९९-१९०० च्या दुष्काळाने, ज्याला गुजरातेत छप्पनिया म्हणतात, हालारची शेते ओस पडली आणि त्याच सुमारास तरुण मुले गलबतावर चढली. आधी आलेल्याच्या दुकानात काही वर्षे राबावे, स्वाहिली शिकावी, मग उधारीवर माल घेऊन रेल्वेच्या पुढच्या स्थानकाजवळ आपले पत्र्याचे दुकान थाटावे आणि गावाकडून भाच्याला बोलावून घ्यावे, अशी ती परंपरा होती. नैरोबीतील पहिला हिंदी बाजार १९०२ साली प्लेगच्या भीतीने सरकारी हुकमाने जाळण्यात आला. दुकानदारांनी तो पुन्हा उभा केला. पूर्वीच्या बाजारपेठेच्या भागातील रस्त्याला आज बियाशारा स्ट्रीट म्हणतात. बियाशारा म्हणजे स्वाहिलीत व्यापार.

भाषेतही त्या दुकानाच्या खुणा राहिल्या आहेत. स्वाहिलीत दुकानाला ‘दुका’, वाहनाला ‘गारी’, विम्याला ‘बिमा’, लाखाला ‘लाकी’ आणि पैशाला ‘पेसा’ म्हणतात. केनियात २००७ साली सुरू झालेल्या आणि जगभर गाजलेल्या मोबाइल पैशाच्या सेवेचे नाव एम-पेसा आहे, ते यामुळेच. १९२० पर्यंत तेथे चलनही रुपयाच होते.

शिडे गेली आणि आगबोटी आल्या. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटी मुंबईहून मोम्बासा आठ-दहा दिवसांत गाठू लागल्या. वाऱ्याची वाट पाहणे संपले, आता बोटीच्या तारखेची वाट पाहावी लागे. याच काळात बायकामुले मोठ्या संख्येने जाऊ लागली आणि परदेशातील दुकानाचे घर झाले. हा प्रवास सुरक्षित मानला जाई, पण एकदा तो तसा राहिला नाही. ‘तिलावा’ ही बोट २० नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबईहून मोम्बासा आणि पुढे दक्षिण आफ्रिकेकडे निघाली. तिसऱ्या दिवशी, २३ नोव्हेंबरच्या पहाटे, जपानी पाणबुडीने तिच्यावर पाणतीर सोडले. बोटीवर साडेनऊशेहून अधिक माणसे होती, त्यांपैकी २८० बुडाली. वाचलेल्यांना घेऊन युद्धनौका २७ नोव्हेंबरला मुंबईस परतली. ज्या घरांनी आठवड्यापूर्वी आपली माणसे गोदीवर जाऊन निरोपाने रवाना केली होती, त्यांतली कित्येक पुन्हा त्याच गोदीवर यादीत नाव शोधत उभी राहिली असतील. गुजराती व्यापारी कुटुंबांत या बोटीचे नाव अजून हलक्या आवाजात घेतले जाते.

१९५० साली एअर इंडिया इंटरनॅशनलची चार पंख्यांची कॉन्स्टेलेशन विमाने मुंबई–नैरोबी मार्गावर धावू लागली. आठ-दहा दिवसांचे आता तास झाले. तरी पुढची वीसेक वर्षे सामान्य कुटुंब बोटीनेच जाई, कारण विमानाचे तिकीट परवडत नसे आणि बोटीवर पेटारे भरून सामान नेता येई. ‘कंपाला’ आणि ‘करंजा’ या बोटी सत्तरच्या दशकात बंद झाल्या, तेव्हा खऱ्या अर्थाने सारा प्रवास आकाशात गेला.

आज जेथे विमान उतरते तो विमानतळ १९५८ साली एम्बाकासी या नावाने उघडला. त्याच्या बांधकामावर वसाहतीच्या सरकारने स्वातंत्र्यलढ्यातील कैद्यांना राबवले होते. दहा वर्षांनी याच विमानतळाने आणखी एक दृश्य पाहिले. १९६३ साली केनिया स्वतंत्र झाला. नागरिकत्व घ्यावे की ब्रिटिश पारपत्र ठेवावे, हे ठरवण्यास दोन वर्षांची मुदत होती. पुष्कळांनी निर्णय लांबवला. १९६७ च्या कायद्यांनी नागरिक नसलेल्यांच्या व्यापार-परवान्यांवर आणि नोकऱ्यांवर मर्यादा आणल्या, आणि ब्रिटनही मार्च १९६८ मध्ये दार लोटून घेणार अशी बातमी आली. फेब्रुवारीत लंडनकडे जाणारी विमाने भरभरून निघाली. कुटुंबाचे तीन भाग झाले : एक भाऊ नैरोबीत दुकान सांभाळायला, दुसरा सुमारे ६,८०० किलोमीटरवरील लंडनला, आणि आईवडील जामनगरला किंवा मुंबईला. ज्यांनी तेथेच राहून केनियाचे नागरिकत्व पत्करले, त्यांच्या वंशजांसह आशियाई मूळ असलेल्या समाजाला केनिया सरकारने २०१७ साली देशातील चव्वेचाळिसावी जमात म्हणून मान्यता दिली. ही मान्यता मिळायला रेल्वेचे रूळ पडल्यापासून शंभराहून अधिक वर्षे लागली.

सहा तासांच्या वाटेतला शेवटचा टप्पा सोमालियावरून जातो, आणि तोही गृहीत धरण्याजोगा नाही. १९९१ साली तेथील सरकार कोसळल्यानंतर त्या आकाशाची देखरेख कित्येक वर्षे संयुक्त राष्ट्रांच्या नागरी विमान वाहतूक संघटनेमार्फत नैरोबीतून चालत होती. २०१७ च्या अखेरीस ती मोगादिशूकडे परत गेली आणि २०२३ साली पूर्ण नियंत्रणाची सेवा पुन्हा सुरू झाली. प्रवाशाला यातले काही जाणवत नाही. तो त्या वेळी बहुधा झोपलेला असतो.

जेवणाकडे मात्र बहुतेक घरे बारकाईने पाहतात. विमान कंपन्यांच्या यादीत जैन जेवणासाठी ‘व्हीजेएमएल’ अशी स्वतंत्र खूण आहे. त्यात कंदमुळे नसतात, परंतु ते उड्डाणाच्या निदान चोवीस तास आधी नोंदवावे लागते. ऐन वेळी मागून मिळत नाही. रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्यांपुढे आणखी एक पेच असतो, तो सूर्याचा. मुंबईहून दुपारी निघालेले विमान सूर्याच्या मागे धावते. ते तासाला सहा अंश रेखांश पश्चिमेकडे सरकते, तर सूर्य पंधरा अंश. त्यामुळे जमिनीवर एका तासात जेवढा दिवस उतरतो, तेवढा उतरण्यास विमानात सुमारे शंभर मिनिटे लागतात. परतीच्या वाटेवर तेवढाच दिवस पाऊण तासाच्या आत संपतो. शिवाय अकरा किलोमीटर उंचीवरून क्षितिज खाली जात असल्याने खालच्या गावात सूर्य मावळल्यावरही बारा-पंधरा मिनिटे तो खिडकीतून दिसत राहतो. जाणती मंडळी या गणितात न पडता निघण्यापूर्वी घरीच जेवून घेतात, आणि तेच सोयीचे.

नैरोबीत उतरल्यावर हा पेच उरत नाही. शहर विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेस असल्याने तेथे बारा महिने सूर्य सकाळी साडेसहाच्या आगेमागे उगवतो आणि संध्याकाळी साडेसहाच्याच आगेमागे मावळतो. मुंबईत कार्तिक आणि आषाढ यांच्या सूर्यास्तात तासाहून अधिक फरक पडतो, तसे तेथे नाही. स्वयंपाकघराचे वेळापत्रक वर्षभर एकच. स्वाहिली घड्याळही दिवस उगवल्यापासून मोजते. सकाळच्या सातला तेथे ‘पहिला तास’ म्हणतात. सूर्योदयापासून अठ्ठेचाळीस मिनिटे मोजून नवकारशी पारणाऱ्या घराला ही रीत परकी वाटू नये.

हवाही परकी नाही, फक्त थंड आहे. विमानतळ समुद्रसपाटीपासून १,६२० मीटरहून अधिक उंचीवर, म्हणजे महाबळेश्वराच्याही वर आहे. विषुववृत्त म्हणून सुती कपडे घेऊन गेलेले वडीलधारे जुलैत पहिल्याच संध्याकाळी शाल मागतात. एवढ्या उंचीवर हवा विरळ असल्याने विमानाला उड्डाणास अधिक धाव घ्यावी लागते, म्हणून तेथील धावपट्टी चार किलोमीटरहून लांब आहे. विमानतळाच्या जवळच १९४६ साली राखलेले राष्ट्रीय उद्यान पसरले आहे. पार्कलँड्स आणि नगारा हे भाग आले की गुजराती पाट्या, फरसाणाची दुकाने आणि देरासरे दिसू लागतात. मोम्बासात तर १९६३ सालीच शिखरबंद देरासर उभे राहिले. ते बांधले आणि सांभाळले गृहस्थांनी, कारण पायी विहार करणाऱ्या साधु-साध्वींसाठी हा समुद्र सहा तासांचाही नाही आणि सहा महिन्यांचाही नाही. चातुर्मासाविना पिढ्यान्‌पिढ्या धर्म टिकवण्याचे काम तेथे पाठशाळेतील शिक्षकांनी आणि घरच्या आज्यांनी केले. याचा हिशेब कोणत्याही अंतराच्या तक्त्यात सापडत नाही.

आता राहिला तातडीचा प्रसंग. दुखण्याची बातमी येते, माणूस त्याच रात्री निघू पाहतो, आणि सहा तासांचे गणित येथे अडते. जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसाऐवजी प्रवासापूर्वी घ्यावयाची इलेक्ट्रॉनिक परवानगी आणली आहे, आणि ती हाती येण्यास काही दिवस जाऊ शकतात. थेट विमान रोज हव्या त्या वेळी असतेच असे नाही. चुकले तर आखाती देशांतून किंवा अदिस अबाबातून वळसा घालावा लागतो आणि सहाचे दहा-बारा तास होतात.

सर्वांत मोठी अडचण परतीची. केनिया पीतज्वराच्या देशांच्या यादीत आहे. भारतात हा रोग नाही, पण तो पसरवू शकणारा डास आहे, म्हणून तेथून येणाऱ्या प्रत्येकाकडे पीतज्वराच्या लसीचा दाखला मागितला जातो. ही लस सरकारने ठरवून दिलेल्या केंद्रांवरच मिळते, आणि दाखला लस टोचल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य धरला जातो. दाखल्याविना आलेल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. घाईत लस न घेता गेलेला मुलगा नैरोबीत भावाच्या उशाशी वेळेवर पोहोचतो, आणि परत येताना मुंबईतच, घरापासून तासाभराच्या अंतरावर, अडकून पडतो.

पूर्वी हा दाखला दहा वर्षे चाले. जुलै २०१६ पासून तो आयुष्यभरासाठी ग्राह्य आहे. ज्या घरांचे कोणी तिकडे आहे, त्यांतल्या जाण्याजोग्या माणसांनी निवांत दिवशी केंद्रावर जाऊन ही सुई टोचून घ्यावी आणि ती पिवळी पुस्तिका पारपत्राच्याच पाकिटात ठेवावी. वय साठीच्या पुढे असल्यास आधी घरच्या डॉक्टरांना विचारावे. मुंबईत विमानातून उतरल्यावर आरोग्य खात्याचे टेबल पारपत्र तपासणीच्या आधी लागते, आणि तेथे सर्वांत आधी तीच पुस्तिका मागतात.